एल्कचा परवाना

बाबांना एल्कच्या शिकारीचा परवाना लागला, त्या सकाळी आमच्या घरात कोणीच आनंदाने ओरडलं नाही. बाबा टोस्टवर लोणी आणि लसणीची चटणी लावून खात होते, समोर टॅबलेट उभा केलेला. आई ओट्याशी चहा गाळत होती. "सुमन, लागला," बाबा म्हणाले. आईला वाटलं टोस्टचा ठसका लागला, म्हणून ती पाण्याचा ग्लास घेऊन धावली. बाबांनी मान हलवत टॅबलेट तिच्याकडे वळवला. ऍरिझोनातल्या कोरड्या डोंगरांमध्ये, शरद ऋतूत, एक नर एल्क मारायचा परवाना. त्याला तिकडे टॅग म्हणतात आणि तो सोडतीत निघावा लागतो. बाबा दहा-अकरा वर्षं नेमाने अर्ज करत होते आणि दरवर्षी नकार आला की 'पुढच्या वर्षी' म्हणून हसत होते. आईने ते वाचलं, पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला आणि म्हणाली, "आत्ता लागायचा होता का हा?"

कारण सहाच आठवड्यांपूर्वी आम्हाला कळलं होतं की बाबांची फुप्फुसं आतून राठ होत चालली आहेत. कारण सापडत नाही, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. बाबा स्वतः डॉक्टर, हाडांचे सर्जन. आई हॉस्पिटलच्या फार्मसीत. त्यामुळे आमच्या घरात कोणी कोणाला खोटा धीर देऊ शकत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते, शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि मला एवढंच समजलं होतं की बाबांच्या खोकल्याचा आवाज बदलला आहे. तो कोरडा, तुटका, एखादं जाड कापड फाडल्यासारखा यायचा आणि वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत अभ्यास करताना मी नकळत पुढच्या खोकल्याची वाट बघत बसायचे.

ग्लासगोत राहणाऱ्या नागपूरच्या सर्जनला शिकारीचं वेड कुठून लागलं, असं लोक विचारत. ह्यू नावाचा एक पेशंट होता, उत्तरेकडच्या डोंगरात हरणांची राखण आणि गरजेपुरती शिकार करणारा. बाबांनी त्याचा खुबा बदलला. बरा झाल्यावर त्याने बाबांना डोंगरावर नेलं, आणि त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात दोन-तीनदा बाबा पहाटे गाडी काढून जायला लागले. परवान्याची रायफल जिन्याखाली, भिंतीत बोल्ट मारलेल्या लोखंडी कपाटात असायची. त्या कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते आईला आणि मला माहीत नसावं असा कायदाच होता. हरणाच्या मांसाला चरबी अजिबात नसते, त्यामुळे ते साध्या रश्श्यात चिवट होतं. आईने पुष्कळ प्रयोग करून त्यावर तोड काढली होती: खोबरं आणि खसखस भाजून घट्ट वाटण, नेहमीच्या दुप्पट तेल, आणि कुकरच्या चार शिट्ट्यांनंतर बारीक आचेवर तासभर. ते शिजत असलं की आमचे कोट आधी वर नेऊन कपाटात बंद व्हायचे, नाहीतर सोमवारी शाळेत माझ्या बाहीला काळ्या मसाल्याचा वास यायचा. त्या वासाची मला लाज वाटायची. आज नॉटिंगहॅमच्या माझ्या घरात मी तोच मसाला करते आणि खिडकी मुद्दाम उघडत नाही.

पण बाबांचं मन या ओल्या डोंगरांत कधी पुरतं रमलं नाही. "इथं जनावराच्या मागे सरपटलं की बनियानपर्यंत पाणी जातं," ते म्हणायचे. "मला पाय टाकला की पाचोळा वाजेल असं रान पाहिजे." त्यांचे मेडिकल कॉलेजचे मित्र वसंतकाका ऍरिझोनात बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी एकदा फोटो पाठवले होते: लालसर माती, उंच पाइन, सुकलेले ओढे, आणि झाडीतून बाहेर आलेला एक नर एल्क. सांबर आणि घोडा यांच्या मधलं काहीतरी वाटावं एवढं थोरलं हरीण, मानेवर काळसर आयाळ. बाबांनी तो फोटो आपल्या क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता, हे मला फार नंतर कळलं.

तर परवाना लागला आणि आमचं जेवणाचं टेबल गेलं. बाबांनी त्या भागाचे उंचीच्या रेषांचे नकाशे छापून आणले, चिकटपट्टीने जोडले आणि सगळ्या टेबलावर पसरले. आम्ही मांडीवर ताटं घेऊन सोफ्यावर जेवायला लागलो. मी बाबांची मदतनीस. त्या कोरड्या मुलखात गुरांसाठी खोदलेली छोटी तळी असतात. उपग्रहाच्या चित्रांत ती शोधून नकाशावर निळ्या पेनाने गोल करायचे हे माझं काम. "पाणी कुठं आहे ते तू सांग, जनावर कुठं आहे ते मी सांगतो," बाबा म्हणायचे. माझं मराठी तेव्हा अगदी मोडकं होतं.

"बाबा, हा नदी पूर्ण कोरडा आहे?"

"हा नदी नाही, ही नदी. आणि हो, कोरडी आहे."

"मग तिला क्रॉस आउट करू?"

"नको. कोरडी असली तरी नकाशावर राहू दे. माणसाला रस्ता ओळखायला लागते."

पहाटे वारा उतारावरून खाली वाहतो आणि ऊन चढलं की उलटा वर चढतो. त्यामुळे तळ्यापाशी कुठल्या बाजूला बसायचं हे ठरवण्यात आम्ही तीन आठवडे घालवले. वसंतकाकांशी व्हिडिओवर वाद व्हायचे. शेवटी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातलं एक तळं ठरलं. पश्चिमेकडच्या खडकाआड बसायचं, कारण जनावर पूर्वेकडच्या दाट झाडीतूनच उतरेल, अशी बाबांची खात्री. मारल्यावर जनावर सोलून, मांस कापडी पिशव्यांत भरून, ऊन तापायच्या आत सावलीत टांगायचं. एवढं ओझं रस्त्यापर्यंत आणायला तिघांना चार-पाच खेपा. या तिघांत बाबा स्वतःला मोजत होते.

म्हणून त्यांनी सराव सुरू केला. पाठपिशवीत बासमतीची दहा किलोंची गोणी घालायची आणि आमचा जिना चढायचा-उतरायचा. स्वयंपाकघरात आईचा कुकर लागलेला असायचा. मार्चमध्ये पहिल्या शिट्टीपासून तिसरीपर्यंत बाबांच्या सहा फेऱ्या व्हायच्या. एप्रिलच्या शेवटी तीन. मेमध्ये मी मोजायचं सोडलं. प्रत्येक फेरीनंतर ते बोटाला ऑक्सिमीटर लावायचे आणि मी वहीत आकडा लिहायचा. ही वही पुढच्या तपासणीत छातीच्या डॉक्टरांना दाखवायची होती आणि आईही ती रोज बघायची. एके दिवशी आकडा ब्याऐंशी आला. बाबा पायरीवर बसलेले, ओठ जांभळट. "ब्याण्णव लिही," ते म्हणाले.

"पण बाबा..."

"यंत्राचा सेल गेला असेल. लिही."

मी ब्याण्णव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगायची वाट न बघता लिहिलं. पुढचे पाच आठवडे मी त्या वहीत एकही खरा आकडा लिहिला नाही. मला वाटत होतं मी त्यांच्या बाजूने लढते आहे. आता मला स्वतःची मुलं आहेत, आणि त्यांच्या तापाचा आकडासुद्धा मी दोनदा बघून लिहिते.

जूनमधल्या एका शनिवारी आई दुकानातून लवकर परत आली आणि तिने दार उघडलं तेव्हा बाबा जिन्यावरून खाली येत होते. म्हणजे, घसरत येत होते. मधल्या पायरीवर त्यांचा श्वास संपला, गुडघे वाकले, आणि ते पाठपिशवीसकट खालपर्यंत आले. गोणी फुटली. सगळ्या हॉलमध्ये तांदूळ. मी वरून धावत आले, आई दारातून, आणि आम्ही दोघी तांदळावरून घसरत त्यांच्यापर्यंत पोचलो. हाड मोडलं नव्हतं. पण ते बोलू शकत नव्हते; डोळे मोठे करून नुसते आमच्याकडे बघत होते आणि छाती भात्यासारखी हलत होती, तरी हवा कुठे जात नसल्यासारखी. आईने ऑक्सिमीटर लावला. मग उठून वही आणली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. तिने माझ्याकडे बघितलं.

"हे अक्षर तुझं आहे ना?"

मी हो म्हटलं.

"मी रोज हे वाचून झोपत होते, रेवा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग केरसुणी घेऊन ती तांदूळ गोळा करायला लागली, एक दाणासुद्धा न सोडता, फर्निचर सरकवून, आणि मी मदतीला वाकले तर म्हणाली, "तू लांब राहा." ते तीन शब्द पुढचे कित्येक दिवस घरात फिरत राहिले.

आईने शिकार बंद केली नाही. संध्याकाळी ती बाबांसमोर खुर्ची ओढून बसली. "अहो, एक टेस्ट असते. विमानात हवा जेवढी विरळ असते तेवढी मास्कमधून देतात आणि बघतात. तुमचा तो डोंगर साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. पास झालात तर मी स्वतः तुमची बॅग भरीन. नाही झालात तर मला पुन्हा हा विषय ऐकायचा नाही." बाबांनी लगेच हात पुढे केला, सौदा पक्का केल्यासारखा. आईने तो हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

टेस्टच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी गुळगुळीत केली. तपासणी करणारी मोराग नावाची बाई त्यांना ओळखत होती. तिच्या आईचा गुडघा बाबांनीच केला होता. तिने मास्क बांधला, रक्ताचा थेंब काढायला कानाच्या पाळीला मलम चोळलं, आणि म्हणाली, वीस मिनिटं, डॉक्टर, बोलायचं नाही. आई बाहेर थांबली. तिला बघवणार नव्हतं. मी आकडे दाखवणाऱ्या पडद्याशेजारच्या स्टुलावर. सत्त्याऐंशी. पंच्याऐंशी. बाबा ओठ आवळून सावकाश फुंकर घालत होते, मांडीवर बोटाने ठेका धरत होते. मला त्यांची युक्ती कळत होती: आत चार, बाहेर सहा. मीही त्यांच्याबरोबर तसाच श्वास घ्यायला लागले, जणू माझ्या फुप्फुसांनी काही भर पडणार होती. एक्क्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटंही झाली नव्हती. मोराग उठली. बाबांनी एक बोट वर केलं: एक मिनिट. तिने मान हलवली. त्यांनी बोट तसंच वर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि मी त्यांच्याकडून ती कधीच बघितली नव्हती. मी काहीतरी करावं असं त्यांना वाटत होतं. पुन्हा एकदा खोटा आकडा लिहावा. मोरागने मास्क काढला.

विमानात ऑक्सिजन लावून बसता येईल, असं मोठ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. डोंगरावर चालणं मात्र नाही. आई औषधं आणायला गेली आणि बाबा नि मी गाडीत बसलो. पाऊस नव्हता, पण काचेवर आमच्या श्वासाचं धुकं जमलं होतं. बाबांनी सीटचा पट्टा लावला, पुन्हा सोडला. मग एकदम, ठरवून ठेवल्यासारखं, बोलायला लागले.

"ऐक. तिथला नियम मी वाचून ठेवलाय. बाप आपला टॅग आपल्या लेकराच्या नावावर करू शकतो, ते अठरा पूर्ण व्हायच्या आत असलं तर. तुझा वाढदिवस डिसेंबरात. आई किंवा बाप कोणीतरी जवळ पाहिजे, एवढंच. सुमन तुझ्यासोबत चालेल, वसंता वाट दाखवेल, मी खाली रस्त्यावर जीपमध्ये सिलिंडर घेऊन बसीन. कागदी लक्ष्यावर तुझा नेम माझ्याहून चांगला बसतो. पाणी तूच शोधलंस. तू जा."

मी म्हणाले, "नाही."

"काहून नाही?"

"मला काही मारायचं नाही. मला ते कधीच आवडला नाही. आणि तुमच्यासाठी तर मी नाहीच मारणार."

'आवडलं नाही' असं दुरुस्त करायला त्यांचं तोंड उघडलं, पण त्यांनी दुरुस्ती केली नाही. समोरच्या काचेवर बाहीने एक गोल पुसला आणि बाहेर बघत बसले. मी खरं काय म्हणत होते ते माझं मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर ते जाणार नाहीत हे पक्कं झालं असतं. त्यांची जागा भरली असती. मी नाही म्हणत राहिले तर जागा रिकामी राहील, आणि त्यांना स्वतःच ती भरायला लागेल, एवढाच माझ्या डोक्यातला हिशेब. पण त्यांनी ऐकलं ते एवढंच की मुलीला ते कधीच आवडलं नव्हतं, इतके महिने टेबलाशी ती उगाच बसली होती.

दोन आठवडे मी ते ओझं घेऊन फिरले. बाबा आता दिवसभर समोरच्या खोलीत, ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर आणि नाकात नळी. त्या यंत्राचा आवाज इतका सारखा असायचा की ते बंद झालं की आम्ही दचकायचो. शाळेच्या शेवटच्या दिवशी, बसमध्ये, माझं ठरलं. मी जाते म्हणून सांगायचं. मारता आलं नाही तर नाही; पण जाते. बसमधून उतरून मी धावतच निघाले आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला, लाल पोस्टाच्या पेटीशेजारच्या बुटक्या भिंतीवर बाबा बसलेले दिसले. नळी नाही, यंत्र नाही, पायात घरातल्या चपला. घरापासून तिथपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. त्यांना किती वेळ लागला होता कोणास ठाऊक.

"बाबा! तुम्ही बाहेर काय... मी जाते. ऐका, मी जाते ऍरिझोनाला. हो म्हणते मी."

ते पेटीकडे बघून हसले. श्वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. "पाठवला," ते म्हणाले. "टॅग परत. आत्ताच."

मी पेटीत हात घातला. मनगट अडकलं, बोटांना पत्रांच्या कडा लागत होत्या, पण धरता येईना. पेटीवर लिहिलं होतं की शेवटची गाडी साडेपाचला. मी बाबांचा हात धरून भिंतीवर बसले आणि आम्ही वाट बघितली. मी त्यांना घरी न्यायला हवं होतं. त्यांचे ओठ निळे पडत होते, आणि मी लाल व्हॅनची वाट बघत बसले. व्हॅन आली. पोस्टमन उंच, टक्कल पडलेला, चांगला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं, एका दमात: लिफाफा मोठा आहे, अमेरिकेचा पत्ता आहे, ते माझे बाबा आहेत, त्यांनीच टाकलाय, ते आत्ता इथे बसलेत, तुम्ही त्यांना विचारा. मी रडत होते आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"सॉरी, हेन," तो म्हणाला, ग्लासगोत पोरीला मायेने म्हणतात तसं. आत पडलेलं पत्र तो कोणालाच परत देऊ शकत नव्हता, ज्याने टाकलं त्यालासुद्धा. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी काढून घ्यावं तसं. बाबांकडे बघून त्याने टोपी उचलली आणि गेला.

"राहू दे, रेवा," बाबा म्हणाले.

मला त्यांना गाडीतलं सगळं समजावून सांगायचं होतं. मी मराठीत सुरुवात केली, शब्द सापडेनात, इंग्रजीत वळले, तेही जमेना. बाबा थांबून राहिले, मला घाई न करता. शेवटी म्हणाले, "घरी चल. मला धर." मी त्यांच्या काखेत खांदा घातला. त्यांनी आपला भार माझ्यावर टाकला, पहिल्यांदाच. तो बासमतीच्या गोणीएवढाही वाटला नाही. दर दहा पावलांना थांबत आम्ही घरी पोचलो. आई दारात उभी होती. एका बाजूने मी होते, दुसऱ्या बाजूने ती आली.

बाबा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले, घरीच, दुपारी, आई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असताना. आलेले लोक गेले, डबे येणं थांबलं. त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी वसंतकाकांचा फोन आला. शिकारीचा हंगाम त्या दिवशी उघडला होता, हे मला माहीत होतं आणि मी सकाळपासून त्याबद्दल बोलले नव्हते. काका पहाटे अंधारात निघून, बंदूक न घेता, एकटेच त्या तळ्यापाशी जाऊन बसले होते. बाबांनी सांगितलेल्या खडकाआडच. आता खाली रस्त्याला लागल्यावर फोन करत होते. मी स्पीकर लावला. आई इस्त्री करत होती.

"आला होता गं," काका म्हणाले. "ऊन पडता पडता. प्यायला, मान वर केली, आणि गेला."

"कुठून आला?" मी विचारलं.

"पश्चिमेकडून. उघड्यावरनं, सरळ चालत. माझ्या पाठीमागनं. माझा वास लागून पळायला पाहिजे होता, पण नाही पळाला. मी वळून बघेपर्यंत पाण्यावर होता."

पश्चिमेची बाजू आम्ही पहिल्याच आठवड्यात खोडली होती. तिकडून येणं शक्यच नाही म्हणून. मग आईच्या घशातून एक आवाज आला आणि मला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती. "म्हणजे चुकीच्या बाजूला तोंड करून बसले असते," ती म्हणाली. "आणि वर मला सांगितलं असतं की वाराच फिरला." हसता हसता तिला पुढे बोलता येईना. इस्त्री तिने उभी करून ठेवली, बटण बंद केलं, आणि माझ्या हातातून फोन घेतला. सहा महिन्यांत तिने त्या जनावराबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"भावजी," ती जमिनीवरच बसत म्हणाली, "केवढा होता? सगळं सांगा. सावकाश सांगा."